गाडीची खांदमळणी

माझ्या गाडीच्या इंजिनात पाणी गेलं होतं, हे आमच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. ते कुणामुळं गेलं, हेही सगळ्यांना पक्कं माहीत आहे. फक्त ते खरं नाही, एवढीच काय ती अडचण.

मी बँकेत आहे. राहायला जालन्यात आणि शाखा घनसावंगीला. गाडी घ्यायच्या आधी मी कित्येक वर्षं काळी-पिवळी जीपनं जाऊन-येऊन नोकरी केली. जीप भरली की निघते, असं जीपवाले सांगतात. भरली म्हणजे काय, ते मात्र तेच ठरवतात. चौघींच्या सीटवर पाचवी आली की "सरका", सहावी आली की "सरका ओ म्याडम, तुम्ही तर शिकलेल्या", आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू, पायाशी कुणाचं तरी गाठोडं. शिकलेल्या बाईला जागा कमी लागते, असा त्या रस्त्यावरचा समज होता. घरी आल्यावर पाठ वाकडी ती वाकडीच.

मग ज्या वयात आमच्या शाखेतल्या बायका बीपीची गोळी सुरू करतात, त्या वयात मी ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागले आणि शिकून झाल्यावर एक जुनी पांढरी गाडी घेतली. जुनी म्हणजे दुसऱ्याची, पण चांगली ठेवलेली. त्या गाडीत मला कुणी सरका म्हणत नव्हतं. मला वाटेल तेव्हा मी निघायचे, वाटेल तिथं थांबून चहा प्यायचे, येताना अंबडला भाजी घ्यायचे. हसायचं तर हसा, पण ते स्टिअरिंग हातात आलं की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. घरात स्वतःची खोलीसुद्धा नसते हो बाईला, मला निदान चार दारांची गाडी होती.

माझे मिस्टर एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत ऑफिसला आहेत. मोटरसायकलवर जातात. गाडी चालवण्यातलं त्यांना सगळं कळतं, फक्त गाडी चालवता येत नाही. शेजारच्या सीटवर बसून ते मला "ब्रेक", "साइड दे", "अगं ट्रक" असं सांगत असतात, आणि ट्रक दिसत नसता तर मी आजवर जिवंत राहिले असते का, हे त्यांच्या डोक्यात येत नाही. पुण्याचे माझे दीर त्यांच्याही पुढचे. ते फोनवरून गाडीचा आवाज ऐकून रोग सांगतात.

राहता राहिले आबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना गावाकडून इकडं आणलं. शेत बटईनं दिलं, आणि बैल सांभाळायला माणूस मिळेना म्हणून बैलजोडी विकली. आबा त्या दिवशी रिकाम्या दावणीपाशी नुसते उभे राहिले. जालन्याला आले, कॉलनीतल्या घराच्या पायरीवर बसले, आणि मग रोज तिथंच बसायला लागले. त्यांच्यासमोर दिवसभर बघायला एकच जनावर होतं, ते म्हणजे माझी गाडी. माझं आणि आबांचं बराबर जमायचं. मी रविवारी गाडी पुसायचे, बॉनेट उघडून काच धुवायच्या पाण्याची टाकी भरायचे, तेलाची पट्टी ओढून बघायचे. हे तेल बघायचं वेड मला ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी लावलं. आबा पायरीवरून सगळं निरखायचे. एकदा म्हणाले, "रोज न्हाई का पाजत हिला?" मी म्हणाले, "लागत नाही आबा, आठवड्यातून एकदा बास." त्यांना ते पटल्याचं दिसलं नाही. मीही ते मनावर घेतलं नाही, बाकीची कामं काय थोडी होती.

असं करत करत पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाकडं खांदमळणी असते. बैल धुवायचे, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि कानाशी तोंड नेऊन उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आबांच्या उभ्या जन्मात हे कधी चुकलं नव्हतं. बैल विकल्यावरच्या पहिल्या पोळ्याला आम्ही बाजारातून मातीची बैलजोडी आणली होती. आबांनी ती हातात घेतली, वजन बघितल्यासारखी खालीवर केली आणि देवघरात ठेवून दिली. एवढ्याशा मातीच्या खांद्याला काय मळणार ते तरी!

या खेपेच्या खांदमळणीला मी शाखेतून निघाले तेव्हा वरच्या अंगाला पाऊस झालेला होता आणि आमच्या रस्त्यावरच्या ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. पाणी म्हणजे किती, तर चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं. माझ्यापुढून दोन मोटरसायकली गेल्या, एक काळी-पिवळी गेली, मग मीही पहिल्या गिअरवर सावकाश गाडी काढली. घरी येऊन मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. तीच माझी घोडचूक. गाडी पाण्यातून काढली ती नव्हे, घरी सांगितलं ती.

"पाण्यात घातलीस?" मिस्टर म्हणाले.

"पाण्यातून काढली," मी म्हणाले.

त्यावर ते जे बोलले ते मी ऐकलं नाही, कारण मला दुसऱ्या दिवशीचं पुरण डोळ्यांपुढं दिसत होतं. मी डाळ निवडायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीतून दिसत होतं की आबा बादली घेऊन गाडी धुतायत. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्याला विरंगुळा.

सकाळी बघते तर गाडी लखलखीत, आणि बॉनेटवर दोन्ही बाजूंना हळद-तुपाचे हे एवढाले पट्टे! पांढऱ्या रंगावर पिवळं. आरशाला गोंडा बांधलेला. माझ्या मस्तकात सणक गेली. पण सणाचा दिवस, आणि आबा पायरीवर नवं धोतर नेसून बसलेले, तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू. म्हणाले, "खांदमळणी केली हिची. आवतण बी दिलंय, आरशापाशी. तिथंच कान असंल म्हणलं." पोळ्याची सुट्टी बैलाला असते, बँकेला नसते. मी तशीच हळद लावलेली गाडी घेऊन निघाले. सिग्नलला लोक माझ्याकडं बघून हसत होते.

अंबड रोडला लागले तर इंजिनाचा आवाज वेगळाच. घशात कफ अडकल्यासारखा. मग समोर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. मी लगेच गाडी बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं आणि पट्टी ओढली. बघते तर काय, तेलाच्या जागी चहा! दूध जास्त झालेला, वर फेस आलेला चहा. काळं तेल असं कधी दिसत नाही. तेलात पाणी मिसळलं की ते असं दुधाळ होतं आणि मग इंजिन आतल्या आत घासून खलास होतं, एवढं मला सरांनी सांगितलेलं आठवत होतं. मी परत चावी फिरवली नाही. टेम्पोवाल्याला हात केला, दोर बांधून गाडी एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या गॅरेजात ओढत नेली.

गॅरेजवाल्यानं पट्टी बघितली, बॉनेटवरची हळद बघितली आणि शेवटी मला बघितलं.

"पाण्यातून घातल्ती का म्याडम?"

"काल ओढ्यातून काढली होती, पण पाणी चाकाच्या—"

"मंग झालं," तो म्हणाला. "गॅस्केट गेलं आसंल, न्हाई तर पाणी शिरलं आसंल. इंजिन खोलावं लागंल. आज पोरं पोळ्याला गावाकडं गेलेत. उद्या खोलतो."

मी बँकेत उशिरा पोचले, जीपनंच. सरका, सरका. त्या दिवशी जीपमध्ये नेमकी माझ्या मांडीवर मातीच्या बैलांची पिशवी आली होती, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर कोर्ट बसलेलं. आबा तेवढे आत देवघरात पूजेच्या तयारीत. मिस्टरांनी गॅरेजवाल्याला फोन केला होता, दिरांना फोन केला होता, आणि दिरांनी तिकडं पुण्यात बसून आमचा ओढा पाहिला होता.

"वैनी, कंबरेएवढ्या पाण्यात गाडी घालतात का कुठं?" दीर स्पीकरवर म्हणाले.

"कंबरेएवढ्या? कुणाच्या? मुंगीच्या?" मी म्हणाले.

"आता चिडून उपयोग नाही," मिस्टर म्हणाले. "एकदा इंजिन खोललं की ती गाडी पहिल्यासारखी राहत नसते. धाकट्याकडं गिऱ्हाईक आहे. आहे त्या अवस्थेत घेतो म्हणतोय. देऊन टाकू."

"माझी गाडी?"

"झेपत नाही तुला ते. उद्या कुठं घसरलीस तर? जीपनं जात जा. सगळ्याच जातात की."

बघा, किती काळजी! मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, डोकं ठणकत होतं, आणि हा माणूस माझी गाडी विकून मला परत पाचव्या बाईच्या जागी बसवायला निघाला होता. मी म्हणाले, "पाणी चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं." ते म्हणाले, "मग तेलात आभाळातून पडलं का?" खरं सांगते, त्या क्षणी मलाच माझी शंका यायला लागली. सगळे एकच सांगत असले की आपल्या डोळ्यांनी बघितलेलं पाणीसुद्धा वर चढतं. गेलं असेल बाई कंबरेपर्यंत, असं वाटायला लागलं. रडू येत होतं, ते मी पुरणाच्या वाफेवर ढकललं.

पोळ्या झाल्या. मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवला. मग आबा ताट घेऊन बाहेर गेले. पुरणपोळी, त्यावर तूप, कढी, भजी, सगळं वाढलेलं ताट. थोड्या वेळानं तसंच ताट घेऊन परत आले.

"गाडी कुठंय?"

"बिघडली आबा. गॅरेजला आहे," मी म्हणाले.

"आन् मंग जेवायला?" आबा दारातच उभे राहिले. "मी काल आवतण दिलंय तिला. धुतली, मळली, पाणी पाजलं. आवतण दिल्यावर दावणीला नगं का यायला?"

मी पोळी उलटता उलटता थांबले. "काय पाजलं?"

"पाणी. तांब्याभर. तू पाजती ना रईवारी, तसंच."

"कुठून?"

"तू त्या कोपऱ्यातल्या बारक्या तोंडातून पाजती, त्यानं काय प्वाट भरतंय तिचं? मधी मोठं काळं झाकण हाय की. फिरवून काढलं, वतलं, पुन्हा बराबर लावलं. एक थेंब सांडला न्हाई." आबांच्या आवाजात अभिमान होता. चावी दारामागच्या खिळ्यालाच असते, आणि बॉनेट कुठून उघडतं ते त्यांनी दर रविवारी बघितलेलं होतं.

मोठं काळं झाकण म्हणजे तेल ओतायचं झाकण. आबांनी माझ्या इंजिनाच्या तेलात तांब्याभर पाणी ओतलं होतं, तेही सोवळ्यानं.

मी मिस्टरांकडं बघितलं. म्हटलं, आता पडतंय घर. संध्याकाळपासून माझ्यावर जो तोफखाना चालला होता तो आता वळणार. मिस्टरांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"असू द्या आबा," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी."

होतं असं कधीकधी! मी ओढ्यातून गाडी काढली तर मला झेपत नाही, गाडी विका. आणि तेलात तांब्यानं पाणी ओतलं तर होतं असं कधीकधी. माझ्या हातात लाटणं होतं. मी ते खाली ठेवलं, हे माझ्या आईबापाचे संस्कार.

पण मग मी आबांकडं बघितलं. त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. ताट हातात तसंच, आणि तोंडावरचं सकाळचं हसू पार उतरलेलं.

"माझ्यानं बिघडली काय?" त्यांनी विचारलं. "मेली का ती?"

"नाही आबा," मी म्हणाले. "मरत नाही. तेल बदललं की होईल बरी." ते खरं होतं का, मला माहीत नव्हतं. पण त्यांना तसं उभं बघणं माझ्यानं होईना. बैल विकले त्या दिवशीही ते असेच उभे होते.

मी गॅरेजवाल्याला फोन लावला. म्हटलं, इंजिन खोलू नका, पाणी वरून ओतलेलं आहे. तो म्हणाला, "वरून कोण वततंय म्याडम? वढ्याचंच हाय ते." म्हटलं, तुम्ही आधी खालचा बोल्ट काढून तेल उतरवा, मी येते समोर. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. त्यानं गाडीखाली घमेलं सरकवलं, बोल्ट ढिला केला आणि पहिल्यांदा आलं ते चक्क पाणी. स्वच्छ, नळाचं, तळाशी बसलेलं. त्याच्यामागून चहा. गॅरेजवाला म्हणाला, "आयला!" जुनं तेल, फिल्टर काढलं, नवं टाकलं, इंजिन थोडा वेळ चालवून ते तेलही काढून टाकलं आणि परत नवं भरलं. या खेपेला पट्टीवर तेल तेलासारखं दिसलं. मी आदल्या दिवशी परत चावी फिरवून गाडी रेटली नाही म्हणून ती वाचली, असं तो म्हणाला. ते वाक्य मी मिस्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "नशीब." माझी अक्कल कधी नशीब झाली, कळलंच नाही.

गाडी विकायचं बारगळलं. पण मिस्टरांनी एक गळ घातली.

"हे बाहेर कुणाला सांगू नको. आबांना लोक हसतील. वय झालं म्हणतील."

"मग काय सांगायचं? कशानं बिघडली?"

"ते... धाकट्यानं आधीच सगळ्यांना सांगून टाकलंय. ओढ्याचं."

म्हणजे हसायचं तर मला हसू द्या. मी हो म्हणाले. नवऱ्यासाठी नाही, ते ताट हातात घेतलेलं तोंड आठवलं म्हणून. आबा त्या दिवसापासून गाडीजवळ जात नव्हते. पायरीवर बसायचे, पण तोंड फिरवून. बॉनेटवरची हळद मी पुसायला गेले तर तिचा पिवळा डाग काही गेला नाही. मीही मग घासायचं सोडून दिलं.

दिवाळीनंतर घनसावंगीच्या पुढं, गोदाकाठच्या गावात भावकीतली एक वास्तुशांत होती. आम्ही गाडीनंच गेलो. मी उतरते ना उतरते तोच एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "ह्याच का त्या, वढ्यात गाडी घातल्याल्या?" बायका हसल्या. मी पण हसले, दात दुखेपर्यंत. पुढं पंगतीत दीर सुरू झाले. पुण्याहून आलेले, भोवती भाचे-पुतणे बसलेले, आणि ते हात उंच करून पाणी किती होतं ते दाखवतायत. आता ते छातीपर्यंत आलं होतं. मी कशी घाबरले, कशी ओरडले, सगळं. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते.

तेवढ्यात आबा पंगतीतून उठले. भरल्या ताटावरून आबा कधी उठत नाहीत, त्यामुळं सगळे गप्प झाले.

"वढ्याचा काई संबंध न्हाई," आबा म्हणाले. "पाणी म्या वतलं. पोळ्याला. म्या पाजलं तिला पाणी, तिच्या तेलात. सुनंनं काई केल्तं न्हाई."

वरणाची बादली मी खाली ठेवली. म्हटलं, झालं, आता सगळे यांना हसणार, आणि मी यांना वाचवू शकणार नाही.

सगळे हसलेच. पण कसे, तर कौतुकानं. "बघा, सासरा असावा तर आसा!" एक जण म्हणाला. "सुनेचं केवढं झाकून घेऊन राह्यले!" दुसरा म्हणाला. त्या चुलत सासूबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. आबा आवाज चढवून म्हणाले, "आरं झाकत न्हाई, खरं सांगून राह्यलो!" त्यावर आणखी मोठा हशा. "बसा आबा, बसा, कळलं आम्हाला," म्हणत कुणीतरी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि पानात लाडू वाढला. दीर म्हणाले, "वैनी, नशीबवान आहात." मिस्टर आपल्या पत्रावळीकडं असं बघत होते, जसं त्यांनी पत्रावळ पहिल्यांदाच बघितली असावी. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. नाही बोलले.

परत निघालो. मिस्टर मागच्या सीटवर बसल्या बसल्या घोरायला लागले. आबा माझ्या शेजारी, हात मांडीवर, पुढं रस्त्याकडं बघत. कितीतरी दिवसांनी ते माझ्या गाडीत पुढं बसले होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आमचा तो ओढा आला. पूल कोरडा ठाक, खाली चिखलाचं एक डबकं. मी गाडी हळू केली.

"म्या खरं सांगितलं," आबा म्हणाले, "पर एकाला बी पटलं न्हाई."

मी गिअर बदलला. पूल संपला. आबा माझ्याकडं वळले.

"तुझं रोज आसंच व्हतं काय गं, माय?"

"हो आबा," मी म्हणाले.

मागचं घोरणं थांबलं.